कमानीला लागलेली हळद

मला स्वस्थ बसता येत नाही. हा स्वभाव आहे की रोग, यावर आमच्या घरात एकमत नाही. खुर्चीवर टेकलो की माझा उजवा पाय शिवणयंत्र चालवत असल्यासारखा हलायला लागतो. शाळेत त्यापायी छड्या खाल्ल्या, लग्नात भटजींनी मंत्र थांबवून माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, आणि क्युपर्टिनोला नोकरीला लागल्यावर पलीकडच्या क्युबिकलमधल्या बाईंनी अतिशय गोड आवाजात विचारलं, की रोज दुपारी जाणवणारे भूकंपाचे हलके धक्के तुझ्याकडूनच येतात का. अशा माणसाला दर शनिवारी एका मठात जाऊन बसावं लागलं. तिथले साधू बहुतेक वेळ मौन पाळत, आणि एक कमान उभी करायला सगळा उन्हाळा आणि वर हिवाळ्याचा तुकडा घेत. हा योग बायकोमुळे आला.

साल दोन हजार तीन. डॉट कॉमचा फुगा फुटून गेला होता, पण त्याची रबरं अजून अंगावर पडत होती. शुक्रवारी कुणीतरी पुठ्ठ्याचा खोका छातीशी धरून पार्किंगकडे जाताना दिसे, आणि सोमवारी त्याच्या खुर्चीची चाकं चांगली आहेत म्हणून दुसरं कुणीतरी ती ओढून नेई. माझ्या खुर्चीची चाकं फार चांगली होती, त्यामुळे मी जास्तच अस्वस्थ असे.

बायको आर्किटेक्ट. पुण्यात शिकलेली, जुन्या देवळांच्या डागडुजीवर काम केलेली. माझ्याशी लग्न करून ती अमेरिकेत आली ती डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे राहायला परवानगी, कमवायला बंदी. पहिल्या वर्षात तिने आमच्या वन बेडरूम अपार्टमेंटचे इतके नकाशे काढले, की बाथरूमची खिडकी कुठे चुकली आहे हे ती पाहुण्यांना चहाबरोबरच सांगायची. दुसऱ्या वर्षी तिने नकाशे काढणं बंद केलं. ते मला जास्त भीतीचं वाटलं.

मग लायब्ररीत तिला एका मासिकात त्या चर्चची गोष्ट सापडली.

गोष्ट अशी, की आठेकशे वर्षांपूर्वी स्पेनमध्ये, एका नदीकाठी, साधेपणाचं व्रत घेतलेल्या साधूंनी चर्च बांधलं. रंग नको, भिंतींवर चित्रं नकोत, काचेत संतमहंत नकोत. दगडावर ऊन पडेल तोच अलंकार. पुढे राज्यं बदलली, साधूंना हाकललं गेलं, छप्पर कोसळलं. गावकऱ्यांनी आत मेंढरं बांधली आणि वेदीपाशी चारा रचला. मग एक अमेरिकन धनिक तिकडे फिरायला गेला. आपण महाबळेश्वरला गेलो की चपला घेतो, तसे त्याने ते अवशेष घेतले. दगड उतरवले, खोक्यांत भरले, बोटीने कॅलिफोर्नियाला आणले. हवेलीत लावायचे होते. तेवढ्यात मंदी आली आणि हौस आटली. खोकी कुजली, खोक्यांवरचे आकडेही त्यांच्याबरोबर गेले, आणि दगड पिढ्यानपिढ्या गवतात पडून राहिले. शेवटी त्याच व्रताच्या इथल्या एका मठाने ते मागून घेतले. क्युपर्टिनोच्या उत्तरेला, काही तासांच्या ड्राइव्हवर, अक्रोडाच्या बागांमध्ये हा मठ होता. साधू अक्रोड विकून पोट भरत आणि उरलेल्या पैशांत चर्च जोडत.

"म्हणजे हे दगडही डिपेंडंट व्हिसावरच," मी म्हणालो. "देशात राहायला परवानगी, उभं राहायला नाही."

ती हसली नाही. तिने त्याच दिवशी मठाला फोन केला.

मठातल्या कामावर एक म्हातारे गोरे गृहस्थ होते. दाढीत कायम दगडाची भुकटी, खिशात दोरीला वजन टांगलेला ओळंबा. जन्मभर जुन्या इमारती सावरलेला माणूस. आठवड्यातले तीन दिवस विद्यापीठात शिकवायचे, उरलेले दिवस इथे. बायको त्यांना उस्ताद म्हणायला लागली. त्यांना ते इतकं आवडलं की बाकीच्यांनीही तसंच म्हणावं असा ते आग्रह धरू लागले. बिनपगारी मदतनीस म्हणून ती काम करू शकत होती, तेवढं व्हिसाच्या कायद्यात बसत होतं. उन्हाळ्याच्या शेवटी उस्तादांनी तिला सांगितलं, की पहिली कमान उभी राहिली की जानेवारीच्या सत्रासाठी ते एकाच विद्यार्थ्याचं नाव देणार आहेत. फी माफ, थोडं मानधन, आणि स्वतःच्या नावावरचा व्हिसा. नाव तिचं असू शकेल.

हे तिने मला एकदाच सांगितलं. नंतर त्यावर एक अक्षर नाही. ज्याची फार आशा असते त्याबद्दल ती बोलत नाही.

माझ्याबद्दल मात्र तिथे बरंच बोललं गेलं होतं. पहिल्याच शनिवारी मी एका रुंद, सपाट दगडावर मांडी घालून थालीपीठ-लोणी खाल्लं. तो वेदीचा दगड निघाला. मग मी सुटे दगड जुळवायला एक प्रोग्रॅम लिहिला, मापं घातली आणि मोठ्या झोकात सगळ्यांना स्क्रीनपुढे उभं केलं. माझ्या प्रोग्रॅमप्रमाणे त्या चर्चला दारच नव्हतं आणि घंटेचा मनोरा जमिनीखाली होता. उस्तादांनी शांतपणे ते बघितलं आणि अक्रोडाच्या झाडाखालचा एक बाक मला नेमून दिला. "हा तुझा," ते म्हणाले. "चर्चचा नाही."

परतीच्या वाटेवर बायको मला स्थापत्य शिकवी.

"हेमाडपंती देवळात कसं, दगडावर दगड थोडा थोडा पुढे सरकवत नेतात. भार सरळ खाली. कमानीत तसं नसतं. कमानीतला प्रत्येक दगड पडायलाच निघालेला असतो. सगळे एकाच वेळी निघतात आणि एकमेकांना आडवे येतात, म्हणून कुणीच पडत नाही."

"महाराष्ट्र मंडळाची कमिटी," मी म्हणालो.

"आणि मधला कळीचा दगड बसेपर्यंत त्यांना खालून लाकडाचं सेंटरिंग धरून ठेवतं. ते काढलं की मग कळतं, कमान आहे की नुसता ढीग आहे."

"आणि हे कधी काढणार?"

"नोव्हेंबरच्या शेवटी. पाय हलवू नकोस, तो ॲक्सिलरेटरवर आहे."

कमानीच्या डाव्या पायथ्याच्या दगडावर एक खूण होती, कमरेएवढ्या उंचीवर, तळहातात मावेल एवढी. त्या काळी प्रत्येक पाथरवट आपण घडवलेल्या दगडावर आपली खूण कोरायचा, मजुरी मागताना दाखवायला. ही खूण झिजून इतकी पुसट झाली होती की बाण आहे की पक्ष्याचा पाय, हे कुणाला सांगता येत नव्हतं. उस्ताद सकाळी आले की आधी तिच्यावरून अंगठा फिरवत.

त्या वर्षी खंडेनवमी शनिवारी आली.

आमच्या गावाकडच्या घरात खंडेनवमीला एकही हत्यार पूजेवाचून राहत नसे. विळी, अडकित्ता, वडिलांचा पान्ह्यांचा डबा, लुना, सगळ्यांना हळदकुंकू. अमेरिकेत मी ही परंपरा लॅपटॉपवर चालवली होती, आणि तेव्हापासून त्याचं एंटर बटण गुलाबी होतं. त्या संध्याकाळी एका मित्राकडे पूजा होती, म्हणून हळद, कुंकू, अक्षता असं ताट गाडीच्या डिकीत तयार होतं. दुपारची घंटा झाली. साधू प्रार्थनेला गेले, उस्ताद आणि बायको मागच्या शेडमध्ये कुठलासा दगड बघायला गेले. मी माझ्या बाकावर पाय हलवत बसलो. समोर छिन्न्या, थाप्या, गुण्या, हातोडे, सगळी हत्यारं नुसती पडलेली. खंडेनवमीच्या दिवशी. बिनपूजेची.

मला खरंच बघवेना.

साधूंच्या वाफ्यातली चार झेंडूची फुलं तोडली, हत्यारांना हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, नमस्कार केला. इथे थांबलो असतो तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण हत्यारांची पूजा झाली आणि ज्या वास्तूवर ती चालतात ती कोरडीच, हे बरं दिसेना. नव्या घराच्या चौकटीला लावतो तशी थोडी हळद पाण्यात कालवली आणि कमानीच्या डाव्या पायथ्यावर पाच बोटं ओढली.

दोन दगडांमधल्या सांध्यात आदल्या दिवशीचा चुना अजून ओला होता. पिवळी बोटं त्या सांध्यावर पोचली आणि माझ्या डोळ्यांदेखत लाल झाली. हळदीला चुना लावून कुंकू करतात, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण या ज्ञानाचा तोवर कधी उपयोग पडला नव्हता. मी घाबरून ओल्या फडक्याने पुसायला गेलो. चुनखडीचा दगड पाणी पितो, आणि पाण्याबरोबर बाकीचंही पितो. पाच बोटांची एक मोठी थाळी झाली, मधे पिवळी, कडेला लाल, आणि ती खूण बरोबर थाळीच्या मधोमध. रंग नको म्हणून व्रत घेतलेल्या लोकांच्या चर्चमध्ये कुणीतरी बोकड कापल्यासारखं दिसत होतं.

तेव्हा मला लिंबाची आठवण झाली. डब्यात पोह्यांवर पिळायला अर्धं लिंबू होतं.

"लिंबू खाली ठेव."

बायको मागे उभी होती. आवाज अजिबात चढलेला नव्हता, त्यामुळे मी जागच्या जागी गोठलो.

"नुसती हळद आहे ग. लिंबाने डाग जातो."

"तो चुनखडीचा दगड आहे. लिंबू लागलं की फसफसेल आणि वरचा पापुद्रा जाईल. पापुद्र्याबरोबर ती खूण जाईल. लिंबू खाली ठेव आणि मागे सर. अजून मागे. बाकापर्यंत जा."

उस्ताद आले आणि लाल रंग बघून त्यांनी आधी विचारलं, "कुणाला लागलंय?"

"कुणाला नाही," ती म्हणाली. "आज आमच्याकडे हत्यारांची पूजा करतात. वर्षभर ज्यांच्यावर पोट चालतं त्यांची."

त्यांनी छिन्नीवरचं झेंडूचं फूल उचलून पाहिलं, परत जागेवर ठेवलं. "आणि दगड?"

"दगडाचं माझ्या नवऱ्याने स्वतःच्या मनाने केलं."

ते गुडघ्यावर बसले. खूप वेळ बघत राहिले. माझा पाय इतका हलत होता की बाक वाजायला लागला. मग त्यांनी माझ्याकडे न बघता तिला विचारलं, वर्गात विचारतात तसं, "काय करू या? रसायन लावून काढू, की छिन्नीने वरचा थर तासू?"

"काहीच करू नका," ती म्हणाली. "हळद उन्हात उडते. या बाजूची ताडपत्री काढा आणि ऊन पडू द्या."

"किती दिवस?"

"माहीत नाही."

"सेंटरिंग काढेपर्यंत थांबतो," उस्ताद म्हणाले. "साधूंना मी डागाळलेलं चर्च देऊ शकत नाही. तोवर गेला नाही तर मला दगड तासावा लागेल, खुणेसकट. आणि तुझा अंदाज चुकला असं मी धरेन. चुकीचा अंदाज सांगणाऱ्याला मी विद्यापीठात नेऊ शकत नाही, हे तुला समजेल."

"समजतं," ती म्हणाली.

परतीला गाडीत बसलो. मित्राकडची पूजा कॅन्सल केली. माझ्यापुरती त्या दिवशीची पूजा भरपूर झाली होती.

"तुला खात्री आहे ना?" मी शेवटी विचारलं.

"ओढणीवर पाहिलंय."

"आणि दगडावर?"

"दगडावर कोण हळद सांडतं?"

मी गप्प बसायला हवं होतं. "जेजुरीला," मी म्हणालो. "जेजुरीच्या पायऱ्या बाराही महिने पिवळ्याच असतात."

"तिथे रोज नवीन भंडारा उधळतात."

"नक्की तेवढंच कारण असेल?"

तिने खिडकीची काच खाली केली आणि बाहेर बघत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला फोन लावला. कॉलिंग कार्डाचे नंबर दाबताना दोनदा चुकलो.

"उन्हात टाक," आई म्हणाली.

"आई, ते कापड नाही. भिंत आहे. चर्चची."

"मग? ऊन काय विचारून पडतं का, देऊळ आहे की चर्च?" मग थोडं थांबून, "पूजा पुरी झाली ना पण? मधेच उठला नाहीस ना?"

पुढचे आठवडे मी काय केलं ते ऑफिसमधल्या कुणालाही विचारावं. मी हवामान बघत होतो. एका खिडकीत कोड, दुसरीत त्या तालुक्यावरचे ढग. मॅनेजरला वाटलं मी नोकरी शोधतोय. त्याने मला बोलावून फार आपुलकीने सांगितलं की तुझी खुर्ची पक्की आहे. त्यावर मी घाबरून विचारलं, चाकांमुळे का. फरशीच्या दुकानातून मी चुनखडीचे नमुने आणले, हळद फासून बाल्कनीत मांडले आणि दर तासाला उठून बघायला लागलो. नमुने फिकट होत होते. पण आमच्या बाल्कनीत दिवसभर ऊन होतं. मठातला तो दगड पूर्वेला तोंड करून होता, आणि नोव्हेंबर लागला तसं त्या खोऱ्यात सकाळी दाट धुकं उतरायला लागलं. धुकं विरेपर्यंत दगड सावलीत. एका शनिवारी गेलो तर लाली उतरली होती, कारण चुना सुकला होता. पिवळं मात्र जसंच्या तसं बसून होतं.

बायको त्याच्यासमोर उभी राहिली, वळली आणि कामाला लागली. दिवसभर तिने त्या बाजूला मान वळवली नाही. परतताना गाडीत म्हणाली, "नाही झालं तर नाही झालं. तसंही घरात सगळे नकाशे काढून झालेत." हे ती गंमत म्हणून बोलली. मला ते पूर्ण रस्ताभर पुरलं.

त्या आठवड्यात मी बाथरूमचा आरसा स्क्रू काढून उतरवला. पुढचे बरेच दिवस दाढी टोस्टरमध्ये बघून केली. शुक्रवारी आजारी असल्याचं ऑफिसला कळवलं. त्या दिवसांत सुट्टी मागणं म्हणजे आपणहून खोका मागण्यासारखं होतं. आरसा मागच्या सीटवर रजईत गुंडाळून मठात नेला. युक्ती साधी होती. दुपारी ऊन पश्चिमेला गेलं की पानं गळालेल्या झाडाखालच्या माझ्या बाकावर ते भरपूर असे. ते तिथे आरशात धरायचं आणि पायथ्यावर टाकायचं.

दगडावर उजेडाचा स्वच्छ चौकोन पडला. आणि थरथरायला लागला.

उस्ताद वर फळीवर उभे होते. "उजेड हलतोय," ते वरूनच म्हणाले.

"पायामुळे," बायको न बघताच म्हणाली.

मी मफलर काढला आणि उजवा गुडघा बाकाच्या पायाला करकचून बांधला. उजेड थांबला. पण सूर्य थांबत नाही, तेव्हा आरसा अगदी हळूहळू, केसाकेसाने फिरवत राहायचं. जोरात फिरवला तर चौकोन दगडावरून उडून उस्तादांच्या डोळ्यांत जाई, आणि ते काय म्हणत ते त्या पवित्र जागी शोभणारं नव्हतं. त्या दुपारी, आणि नंतरच्या सगळ्या शुक्रवार-शनिवारी, मी आयुष्यात पहिल्यांदा एका जागी बसलो. आतून सगळा उकळत होतो, पण बसलो. एक म्हातारे साधू रोज तिथून जायचे. पहिल्या दिवशी थांबले, आरसा बघितला, दगड बघितला, गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली गवताची टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. तिसऱ्या दिवशी शेजारी येऊन बसले आणि खिशातून चार अक्रोड काढून आमच्या मधे ठेवले. माझे दोन्ही हात आरशावर होते, तेव्हा फोडून त्यांनीच भरवले. आम्ही एक शब्द बोललो नाही. मला बोलायचं खूप होतं.

सेंटरिंग काढायच्या दिवशी सकाळपासून धुकं होतं. दगड नीट दिसतच नव्हता. उस्तादांनी कुणालाही पायथ्याकडे जाऊ दिलं नाही. आधी कमान, मग डाग.

लाकडाच्या सांगाड्याखालच्या पाचरी त्यांनी एकेक करून हातोडीने हळूच मागे ठोकल्या. सांगाडा बोटभर खाली बसला. वरून घसा खाकरल्यासारखा एक आवाज आला, थोडी भुकटी पडली आणि दगड एकमेकांवर टेकले. मग काही नाही. कमान उभी होती. लाकूड आणि दगड यांच्या मधल्या फटीतून पलीकडचे अक्रोड दिसत होते. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. साधूंनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या.

मग उस्ताद पायथ्याशी आले. बायको त्यांच्या मागे. मला कुणी बाकावर जायला सांगितलं नव्हतं, तरी मी तिथेच होतो, टोपी घालून.

त्यांनी अंगठा ओला केला आणि दगडावरून फिरवला. दगडाचा रंग दगडाचाच होता. पिवळं सगळं उडालं होतं, एक जागा सोडून. त्या पुसट खुणेच्या खोल रेघांत ऊन पोचलं नव्हतं. तिथे हळद बसून राहिली होती, सुईने भरल्यासारखी. सरळ एक रेघ, आणि तिच्या टोकाला लोंबणारा थेंब.

"ओळंबा," उस्ताद म्हणाले. त्यांनी खिशातला ओळंबा काढून शेजारी धरला. "त्याने ओळंबा कोरला होता."

त्यांचा अंगठा पुन्हा एकदा त्या रेघेवरून फिरला.

"एवढी हळद काढू का?" त्यांनी तिला विचारलं. पुन्हा तोच वर्गातला आवाज.

"नको," ती म्हणाली. "आधी या खुणेचा नकाशा काढून घेते. मग राहू दे. ऊन तिथेही पोचेल, त्याला वेळ लागेल."

त्यांनी मान हलवली. "वर्ग जानेवारीत सुरू होतात. कागदपत्रं या आठवड्यात पाठव. आणि त्याआधी छिन्नी धरायला शीक, तुझं मनगट कच्चं आहे." मग ते पहिल्यांदाच माझ्याकडे वळले. "तुमचा तो सण पुढच्या वर्षी कधी?"

"तिथीप्रमाणे बदलतो."

"मग आधी कळव. मी हत्यारं घरी नेईन."

परतताना ती म्हणाली, मी ड्राइव्ह करते. मी शेजारी बसलो, मागे रजईत आरसा. धुकं मागे पडलं, हायवे लागला. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "पाय का हलत नाही आज तुझा?"

"मुंग्या आल्यात. मफलर घट्ट बांधला होता."

"बरं झालं."

मी तिच्याकडे पाहिलं. तिची बोटं स्टिअरिंगवर ताल धरल्यासारखी वाजत होती, एकसारखी. क्युपर्टिनो येईपर्यंत ती वाजत राहिली.